विनोदी कविता, शालेय वर्ग आणि यमकाचा प्रश्न

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात विनोदाला मिळणारे स्थान सर्वांच्या परिचयाचे आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून पु. ल. देशपांडे यांच्यापर्यंतची गद्य विनोदाची परंपरा आपण बऱ्यापैकी मन लावून शिकवतो. विनोदी कवितेच्या वाट्याला मात्र 'झेंडूची फुले'वरील एखादे टिपण येते, आणि वात्रटिकेचा उल्लेख झालाच तर तो काहीशा ओशाळलेल्या स्वरात होतो. ह्या उपेक्षेविषयी अधूनमधून खंत व्यक्त केली जाते. तिचा एक परिणाम मात्र चर्चेत येत नाही. आपल्याकडून पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांपैकी बरेच जण पुढे पाचवी ते आठवीच्या वर्गांवर मराठी शिकवतात. तेथे 'एक विनोदी कविता लिहून आणा' असे सांगण्याचा प्रसंग आला की ह्या वाक्यापलीकडे सांगण्यासारखे त्यांच्यापाशी काही नसते. गृहपाठ दिला जातो. शिकवले काही जात नाही.

असा गृहपाठ दिल्यावर हाती काय येते, हे शाळांची हस्तलिखिते आणि वार्षिकांक चाळणाऱ्याला ठाऊक असते. बहुतेक रचना दोन प्रकारांत मोडतात. पहिल्या प्रकारात कोठेतरी ऐकलेला चुटका ओळी तोडून लिहिलेला असतो. दुसऱ्या प्रकारात कोणाची तरी टिंगल असते: वर्गातला जाडा मुलगा, अडखळत बोलणारी मुलगी, टक्कल पडलेले सर, आणि हमखास, लाटणे घेऊन नवऱ्याच्या मागे धावणारी बायको. अकरा वर्षांच्या मुलाने हे लाटणे स्वतःच्या घरात पाहिलेले नसते. ते त्याला दूरदर्शनच्या पडद्यावरून आणि थोरांच्या गप्पांतून तयार मिळालेले असते. पहिला प्रकार निरुपद्रवी म्हणून सोडून देता येईल. दुसऱ्याची किंमत मात्र वर्गातल्याच कोणाला तरी मोजावी लागते, आणि ज्याला मोजावी लागते तो सहसा मागच्या बाकावर बसलेला असतो.

यावर शिक्षकांकडून दोन प्रतिक्रिया येतात. काही जण हा लेखनप्रकारच टाळतात. इतर 'कोणाला लागेल असे लिहू नका' अशी ताकीद देतात आणि मग वर्गाकडून गुळगुळीत, उपदेशपर, हसू न आणणाऱ्या 'विनोदी' कविता स्वीकारतात. माझे म्हणणे असे आहे की हा प्रश्न नीतीच्या बाजूने सोडवायला गेल्यास सुटत नाही. तो रचनेच्या बाजूने सोडवावा लागतो. यमक आणि मात्रा यांचे बंधन नीट घातले तर हास्याचा रोख माणसावरून शब्दाकडे वळतो. ह्या वयाच्या मुलांना विनोदी कविता शिकवायची म्हणजे हे वळण शिकवायचे.

याबाबत आपल्या काव्यशास्त्राकडून फारशी मदत होत नाही. नाट्यशास्त्रात हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा भेद सांगितले आहेत, आणि उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींच्या पात्रांत ते दोनदोन वाटून दिले आहेत. हे वर्गीकरण हसणाऱ्याचे आहे. ज्याला हसायचे त्याचा विचार त्यात नाही. उलट हास्याच्या विभावांत विकृत वेष, असंबद्ध बडबड यांच्या जोडीला व्यंगदर्शनही आहे. शारीरिक व्यंग पाहून हसू येते, हे निरीक्षण म्हणून खोटे नाही. मधल्या सुट्टीत ते रोज सिद्ध होते. पण रसचर्चेतील ही यादी आपण टीकेविना शिकवीत आलो आहोत. वर्गात कोणी लंगडणाऱ्या मुलावर चार ओळी लिहून आणल्या तर त्यामागे किती जुनी मान्यता उभी आहे, याची जाणीव शिक्षकाला असलेली बरी.

लोकपरंपरेत वेगळे चित्र दिसते. भोंडल्याच्या किंवा हादग्याच्या गाण्यांत सासरच्या माणसांची जी खिल्ली आहे ती दुबळ्याने बलवत्तराची उडवलेली आहे. त्यांतल्या कित्येक गाण्यांत कारणांची असंबद्ध साखळी वाढत जाते आणि माहेरी जाण्याची परवानगी काही केल्या मिळत नाही. हसू येते ते त्या साखळीच्या लांबीने. एकनाथांच्या भारुडांत बोलणारा स्वतःच ते सोंग घेतो, त्यामुळे हसणे आधी त्याच्यावर येते. ह्या दोन्ही परंपरांचे आपण सांस्कृतिक महत्त्व सांगतो, विनोदाच्या रचनेचे नमुने म्हणून त्यांच्याकडे पाहत नाही.

आता यमकाकडे येऊ. अमेरिकन कवी केनेथ कॉक यांनी न्यूयॉर्कमधील एका सार्वजनिक शाळेत मुलांना कवितालेखन शिकवले आणि तो अनुभव 1970 साली पुस्तकरूपाने मांडला. मुलांना त्यांनी यमक टाळायला सांगितले, कारण यमक शोधताना मुलांची कल्पना अडते असा त्यांचा अनुभव होता. आपल्याकडील 'मुक्त अभिव्यक्ती'चे समर्थकही थोड्याफार फरकाने हेच म्हणतात. भावकवितेपुरते ते मान्य करायला हरकत नाही. विनोदी कवितेत मात्र यमक हेच चालक यंत्र असते, आणि मराठीत त्याची अडचण नेमकी उलटी आहे. मराठीत यमक फार स्वस्त आहे. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि काळ, लिंग व वचन एक असले की क्रियापदांचे शेवट आपोआप जुळतात. त्यामुळे मुले अशा ओळी लिहितात (येथील सर्व ओळी मी उदाहरणासाठी रचल्या आहेत):

मामा माझा शहरी गेला,
तेथे त्याने पेढा खाल्ला.

मात्रा सोळासोळा आहेत. 'ला'ला 'ला' जुळला आहे. तरीही येथे काहीही घडलेले नाही, कारण 'गेला' ह्या शब्दाने पुढच्या ओळीत अनपेक्षित असे काहीच ओढून आणले नाही. विभक्तिप्रत्ययांवर साधलेल्या यमकाचे, 'शाळेत' आणि 'बागेत' ह्यांचे, तेच होते. म्हणून वर्गाला पहिला नियम असा घालून द्यावा की ओळीच्या शेवटी क्रियापद नको आणि प्रत्ययाचे यमक नको. मूळ शब्दाला मूळ शब्द जुळवायचा. हा नियम ऐकून मुले कुरकुरतात. पण त्यामुळे वाक्यातील शब्दक्रम हलवावा लागतो, आणि मराठी वाक्य किती वाकते हे त्यांना प्रथमच कळते. व्याकरणाच्या तासाला हे साधत नाही.

समजा, पहिल्या ओळीच्या शेवटी 'टोपी' शब्द ठेवला. आता जुळणारे शब्द शोधायचे: सोपी, झोपी, आणखी एखाददुसरा. फळ्यावर एवढीच यादी होते. त्यातून 'झोपी' निवडला की टोपीत कोणीतरी झोपले पाहिजे, हे ठरून जाते. कोण झोपेल, हे वर्गाने ठरवायचे.

मामांची ती नवीन टोपी,
तिच्यात जाते मांजर झोपी;
बाजाराला निघता मामा
म्याऊ करते त्यांची टोपी.

ह्या चार ओळी काही थोर नाहीत. पण त्यांच्या घडणीत काय झाले ते पाहण्यासारखे आहे. मांजर कोणाच्याही मनात नव्हते. ते 'झोपी' ह्या शब्दाने आणले. एकदा ते टोपीत गेल्यावर पुढची ओळ यमकाने दिलेली नाही, ती तर्काने दिली आहे: मामा बाजारात जाणार, टोपी डोक्यावर असणार, मांजर जागे होणार. विनोदी कवितेतला वेडेपणा एकदाच मागून घ्यायचा असतो, त्यानंतर अगदी शहाण्यासारखे वागायचे असते. आणि मामांना हसले जात असले तरी त्यांच्या उंचीला, रंगाला, बोलण्याला कोणी हसत नाही. हसू त्या टोपीला येते. लिहिणाऱ्याला 'कोणाची टिंगल करू नकोस' असे सांगावे लागले नाही. यमक शोधण्यात तो इतका गुंतला होता की त्याला टिंगलीची आठवणच झाली नाही.

मात्रांचे कामही असेच आहे. वर्गातील एखादा विद्यार्थी शेवटी 'टोपीत मांजर होते म्हणून आवाज आला' असे स्पष्टीकरण घालू पाहतो. हे सर्वच नवशिक्यांचे होते; हसवल्यावर का हसायचे तेही सांगावेसे वाटते. चार ओळी आणि प्रत्येकीत सोळा मात्रा एवढीच जागा असल्यावर स्पष्टीकरण आपोआप गळते. मुलांना आरंभीच लघुगुरूची व्याख्या सांगू नये. पादाकुलकाची आठ-आठ मात्रांची चाल टाळीवर धरता येते आणि पाचवीतले मूलही चुकलेली मात्रा कानाने ओळखते. व्याख्या सातवीत आली तरी चालेल. तोवर तिचा आशय मुलांच्या तळहातात असतो.

येथे आचार्य अत्रे यांच्याकडे वळणे भाग आहे. 'झेंडूची फुले' 1925 साली प्रसिद्ध झाले तेव्हा 'केशवकुमार' पुण्यात शाळाशिक्षक होते. पुढे ते अध्यापनाची पदविका घेण्यासाठी लंडनला गेले आणि 1928 साली ती घेऊन परतले. त्यानंतर 'नवयुग वाचनमाले'ने मराठीचे पाठ्यपुस्तक मुलांच्या जवळ आणले. आपल्या समीक्षेत विडंबनकार अत्रे आणि वाचनमालाकार अत्रे वेगवेगळ्या प्रकरणांत राहतात. मला हा दुरावा अनाकलनीय वाटतो. भाषेच्या लकबी अचूक ऐकणारा एकच कान दोन्ही कामांमागे आहे. 1923 साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवितेचे विडंबन करताना त्या कवींचा छंद, शब्दकळा आणि ओळ संपवण्याची सवय जशीच्या तशी उचलावी लागते, तरच विडंबन उभे राहते. त्याच मंडळातील माधव जूलियन यांनी 'छंदोरचना' लिहून मराठी छंदांची सर्वांत विस्तृत मांडणी केली. एकाने छंदाचे शास्त्र लिहिले, दुसऱ्याने त्याच छंदांत टोपी उडवली. छंद दोघांनाही सारखाच चांगला येत होता.

शाळेत विडंबन शिकवावे ते याचसाठी. पाठ्यपुस्तकातील जी कविता वर्गाला पाठ आहे तिची चाल आणि यमकांची रचना कायम ठेवून विषय बदलायचा: निसर्गाच्या जागी डबा, पावसाच्या जागी शाळेची घंटा. मूळ कविता ज्याला नीट येत नाही त्याला हे जमत नाही, आणि ज्याला जमते त्याने मूळ कवितेचे असे वाचन केलेले असते की कोणत्याही रसग्रहणाच्या उत्तरात ते दिसणार नाही. त्याने मूळ कवीचा अवमान होतो, ही भीती अनाठायी आहे. मैदानावर मुले चित्रपटगीतांची आणि पाठांतल्या कवितांची विडंबने करीतच असतात. वर्गात फक्त ती मात्रेत बसवायची असतात.

माझ्या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. यमक आणि ताल यांनी हास्य माणसापासून दूर जाते म्हणावे, तर मुलांची चिडवण्याची गाणी यमकबद्ध आणि तालबद्धच असतात. नावाला जुळणारा शब्द शोधून एखाद्याला वर्षभर हैराण करणे ही शाळेतली सर्वांत जुनी काव्यकला आहे. हा आक्षेप खरा आहे. परंतु चिडवण्यातील यमक तयार असते. ते एकाने केले आणि चाळीस जणांनी म्हटले. शिवाय त्यात नाव आधी ठरलेले असते आणि यमक त्याच्यामागून येते. म्हणून दुसरा नियम करावा लागतो: पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द वस्तूचा, प्राण्याचा किंवा गावाचा असावा, ओळखीच्या माणसाचा नसावा. एवढ्याने सगळे निभावते असे नाही. आठवीतला तरबेज मुलगा मांजराच्या आडूनही कोणाला तरी लक्ष्य करतो, आणि वर्गाला ते शिक्षकाच्या आधी कळते. तेथे शिक्षकाने डोळे उघडे ठेवण्याला पर्याय नाही.

गावांच्या नावांचा प्रयोग विशेष फलदायी आहे. इंग्रजी लिमरिकमध्ये पहिल्या ओळीच्या शेवटी बऱ्याचदा स्थलनाम येते. तो प्रकार मराठीत जसाच्या तसा आणता येत नाही, कारण त्याची लय आघातांवर उभी आहे आणि आपली मात्रांवर. पण स्थलनामाची युक्ती घेता येते. तालुक्याचा नकाशा भिंतीवर लावावा आणि प्रत्येकाने एक गाव घ्यावे. 'वाई' ज्याला मिळते तो सुखी: घाई, शाई, जाई, आई. 'पेण'ला मेण जुळते आणि शेणही जुळते. वर्ग अर्थातच दुसरा शब्द निवडतो, आणि शिक्षकाने तो फळ्यावर लिहिण्याचे धैर्य दाखवावे. 'सांगली'ला 'चांगली'च्या पलीकडे नेताना दम लागतो. 'चिपळूण'चे काय करायचे हा प्रश्न आठवडाभर वर्गापुढे तसाच ठेवून द्यावा.

याच टप्प्यावर बोलीचा मुद्दा येतो, आणि माझ्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. यमक कानाचे असते, लिपीचे नसते. जो मुलगा घरी 'पानी' म्हणतो त्याला 'पानी'शी 'नानी' जुळवणे अगदी स्वाभाविक आहे. शिक्षक तेथे 'पाणी' अशी दुरुस्ती करतात, यमक मोडते, आणि वर्ग हसतो. हे हसणे कवितेला नसते. विनोदी कवितेच्या तासाला त्याच मुलाची बोली हास्याचा विषय झाली तर सगळा खटाटोप व्यर्थ जातो. म्हणून ह्या लेखनात यमक लिहिणाऱ्याच्या उच्चाराप्रमाणे मोजावे. प्रमाण लेखनाची दुरुस्ती स्वतंत्र तासाला, स्वतंत्र कारणासाठी करता येईल. बहिणाबाई चौधरी यांची गाणी 1952 साली पुस्तकरूपाने आली ती खानदेशच्या बोलीत, आणि त्यांना प्रस्तावना लिहिली ती अत्रे यांनीच. ती गाणी आपण बोलीसकट पाठ्यपुस्तकांत घेतली. वर्गातल्या मुलाच्या चार ओळींना मात्र तो न्याय अजून मिळायचा आहे.

सामग्री कोठून आणायची, याचे उत्तर पाठ्यपुस्तकातच आहे. रशियन बालसाहित्यिक कॉर्नेई चुकोव्स्की यांनी 'दोन ते पाच' ह्या पुस्तकात दाखवून दिले आहे की लहान मूल उलट्यापालट्या जगाला हसते ते सुलटे जग त्याला नीट कळले आहे म्हणून. कुत्रा भुंकतो हे नुकतेच पक्के झालेल्या मुलालाच भुंकणारे मांजर गमतीचे वाटते. बारा वर्षांच्या मुलाला प्राण्यांच्या आवाजांची ती नवलाई उरलेली नसते. त्याच्या जगात नव्याने पक्क्या झालेल्या गोष्टी म्हणजे नियम, वेळापत्रक, सूचनाफलक, म्हणी आणि वाक्प्रचार. 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' ह्या प्रश्नाने वाक्प्रचार निर्जीव झालेले असतात. ते शब्दशः घेतले की उठून बसतात. पोटात कावळे ओरडतात, असे आपण म्हणतो. त्यांचे म्हणणे काय आहे?

पोटामधला म्हणे कावळा,
किती वेळ मी बसू बावळा?

नाचता येईना अंगण वाकडे, ह्या म्हणीत अंगण मोजायला आलेला गवंडी सापडतो. हातावर तुरी दिल्या तर त्या किती दिल्या आणि काय भावाने, असे विचारता येते. असे लिहिणारा विद्यार्थी वाक्प्रचाराचा लक्ष्यार्थ चुकत नाही, कारण तो ठाऊक असल्याशिवाय ही गंमतच होत नाही.

नमुने म्हणून विंदा करंदीकर यांच्या बालकविता वाचून दाखवाव्यात. 'राणीची बाग' 1961 सालचे आहे, आणि त्यानंतर ते तीन दशके मुलांसाठी लिहीत होते. गंभीर कवितेत छंदाशी इतके प्रयोग करणारा कवी मुलांच्या कवितेत ताल किती काटेकोर सांभाळतो, हे पदव्युत्तर वर्गानेही पाहावे. बंगालीत सुकुमार राय यांचे 1923 सालचे 'आबोल ताबोल' साहित्याच्या मुख्य इतिहासात मानाने वावरते. आपल्याकडे विंदांच्या बालकवितेसाठी ग्रंथाच्या अखेरीस अर्धे पान राखून ठेवलेले असते.

वात्रटिकेविषयी माझे मत थोडे कडवट आहे. मंगेश पाडगावकरांनी हा शब्द रुळवला तेव्हा त्यात रचनेचा नेटकेपणा होता. पुढे दैनिकांच्या सदरांतून ती रोजची झाली आणि राजकीय शेरेबाजीला जवळची ठरली. रोज काहीतरी लिहिण्याची ती गरज समजण्यासारखी आहे. पण पुढारी भ्रष्ट असतात, एवढ्या भांडवलावर सहावीतल्या मुलाने लिहिणे म्हणजे लाटणे घेतलेल्या बायकोचाच दुसरा अवतार होय. त्याला जे ठाऊक नाही त्याला तो हसतो आहे. त्याने आधी दप्तराच्या वजनाला, खिचडीला, एसटीच्या वेळेला हसावे. ते त्याला नीट माहीत आहे.

गुणदानाविषयी एवढेच. 'हसू आले का' ह्यावर गुण देऊ नयेत. वर्गातल्या लोकप्रिय मुलाच्या कोणत्याही ओळीला हसू येते. मात्रा सांभाळल्या का, यमक मूळ शब्दाचे आहे का, दुसरी ओळ पहिलीतून निघाली का, हे तपासता येते आणि मुलांनाही परस्परांचे तपासता येते. परीक्षेत मात्र हा प्रकार आणू नये. एकदा तो कृतिपत्रिकेत शिरला की टोपी, झोपी आणि मांजर मार्गदर्शिकेत छापून येतील.

आता पदव्युत्तर विभागांकडे. छंद हा घटक बऱ्याच ठिकाणी नावापुरता राहिला आहे, आणि जेथे आहे तेथे तो व्याख्या व गणमात्रांच्या तक्त्यांवर भागतो. छंदात चार ओळी लिहून दाखवा, असे आपण विद्यार्थ्याला कधी सांगत नाही. आपल्यालाही कोणी सांगितले नव्हते. ही मागणी अंतर्गत मूल्यमापनात सहज बसेल. पादाकुलकाच्या चार ओळी, विषय कोणताही हलकाफुलका, शेवटी क्रियापद नाही, कोणाचे नाव नाही, आणि त्या वर्गासमोर टाळीवर म्हणून दाखवायच्या. पहिल्या वर्षी हे काम आम्हां अध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या आधी करावे, आणि चुकलेली मात्रा दाखवण्याचा अधिकार वर्गाला द्यावा.